मधूची सुई

आमच्या गावच्या सरपंचांचा फोन आला तेव्हा मी उपकेंद्रात होते. लसीकरणाचा दिवस होता. समोर एक बाई बाळाला मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि मी सिरिंजमध्ये लस भरत होते. "ताई, डॉक्टर गेले हो," सरपंच म्हणाले. मी विचारलं, "कोणते डॉक्टर?" मला खरंच कळलं नाही. आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर चारच दिवसांपूर्वी गाडीवरून पडले होते, माझ्या डोळ्यांपुढे तेच आले. सरपंच हळूच म्हणाले, "अहो, आपले मधूडॉक्टर. तुमचे भाऊ." मी फोन ठेवला. बाळाच्या मांडीत लस दिली, सुई कापायच्या यंत्रात घालून तोडली, ताप आला तर काय करायचं ते बाईला समजावलं आणि मागची चार बाळं उरकूनच गावाकडं निघाले. बहीण आहे की दगड, असं नंतर काही जण म्हणाल्याचं कानावर आलं. म्हणोत.

माझा भाऊ डॉक्टर नव्हता. हे आधीच लिहून टाकते, कारण तो गेल्यापासून शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या त्या एवढ्याशा गावात जिकडं बघावं तिकडं तो डॉक्टर झालाय. वेशीत फ्लेक्स लागला, 'गोरगरिबांचे धन्वंतरी डॉ. मधुकरराव'. फोटोत त्याच्या गळ्यात चकचकीत स्टेथोस्कोप, कुणाचा तरी कापून चिकटवलेला. त्याच्याकडे होता त्याची रबरी नळी तडकलेली होती आणि त्यातून त्याला काय ऐकू यायचं ते तोच जाणे. स्मशानात तीन पुढाऱ्यांची भाषणं झाली. त्यातला एक म्हणाला, मधूभाऊंनी आयुष्यभर गावाची नाडी हातात धरली. मला भर उन्हात हसू आलं. पदर तोंडाला लावला, बायकांना वाटलं रडतेय. वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी त्याच्यावर 'खेड्यातला आरोग्यदूत' म्हणून एक टिपण छापून आलं. त्यात एकही ओळ खोटी नाही, आणि तरी ते सगळं खोटं आहे... म्हणून मी लिहायला बसले. मी त्याची सख्खी धाकटी बहीण, आणि तीस वर्षं आरोग्यसेविकेची नोकरी केलेली बाई. या दोन्ही नात्यांनी मला त्याच्याबद्दल बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालते.

मधू दहावीला दोनदा बसला आणि दोनदा गणितात गेला. आमचे आईबाप दरसाल दसरा झाला की ऊस तोडायला जायचे. माय म्हणायची, माझ्या लेकाच्या हातात कोयता द्यायचा न्हाई. म्हणून वडिलांनी त्याला माजलगावला एका डॉक्टरांकडं कंपाउंडर म्हणून चिकटवला. केर काढायचा, नंबर लावायचे, पुड्या बांधायच्या आणि सुया उकळायच्या. तेव्हा काचेच्या सिरिंजा असत. स्टीलच्या डब्यात पाणी घालून स्टोव्हवर त्या वीस मिनिटं खळखळ उकळायच्या, घड्याळ लावून, असं ते डॉक्टर सांगत. सुट्टीत घरी आला की तो आम्हाला ते सगळं करून दाखवी, वाटीत चमचे घालून. चार वर्षांत त्याला कंबरेत सुई द्यायला आली, सलाईन लावायला आलं, पाच-सहा गोळ्यांची नावं आली. पाचव्या वर्षी तो कातडी बॅग घेऊन गावी परतला आणि घराच्या ओट्यावर एक बाकडं टाकून बसला. महिनाभरात तो मधूचा मधूडॉक्टर झाला. वीस मिनिटं मात्र माजलगावलाच राहिली. घड्याळ कोण बघत बसणार? पाण्याला एक उकळी फुटली की झालं त्याचं.

गावाला तरी शहाणपण कुठलं? मी हे कडवटपणानं लिहितेय, पण गावानंच त्याला तसा घडवला. पोटात दुखो, पाठ धरो, ताप येवो, सून रुसो, माणूस ओट्यावर येऊन आधी बाही वर करायचा. गोळी दिली तर तोंड वाकडं. "गोळ्या काय, दुकानदारबी देतो. डॉक्टर म्हंजी सुई," असं माझ्यासमोर म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातून लाल रंगाची ताकदीची सुई म्हणजे तर अमृतच. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यावर निघायच्या, त्याच्या आदल्या दिवशी आमच्या ओट्यापुढं रांग लागायची. नवरा, बायको, म्हातारे, पोटुशा बाया, सगळे. पुढचे पाच-सहा महिने फडात राबायचं, तर अंगात ताकद भरून घ्यायला नको? मधू सकाळी सुई उकळायचा. एकच. मग एकाच्या दंडातून काढली की स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि दुसऱ्याच्या दंडात घातली. बोळा लाल व्हायचा, तो फेकून दुसरा घ्यायचा. बोळा बदलायचा, सुई नाही. रांग संपेस्तोवर सुईची धार जायची, शेवटच्यांना ती चांगली लागायची, ते कळवळायचे आणि मधू म्हणायचा, "लागली म्हंजी आत गेली."

मी नर्सिंगचा कोर्स करून आले त्या वर्षी ती रांग पाहिली. आधीही पाहिली होती, पण तेव्हा मला त्यात काही दिसलं नव्हतं. आता दिसलं. सुईच्या पोकळीत डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश राहतो. तेवढ्यातून काविळीचे दोन प्रकार, बी आणि सी, एका अंगातून दुसऱ्या अंगात जातात आणि बाहेरून बोळा कितीही फिरवला तरी आतलं जात नाही. हे आम्हाला कोर्समध्ये इतकं घोकून घेतलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. रांग संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. तो हसला. "सुमे, सकाळी उकळली की मेलं त्यात सगळं. आन् मी मलाबी तीच टोचतो की! मला कुटं काय झालं?" आणि खरंच, त्यानं उरलेलं लाल औषध सिरिंजमध्ये ओढलं आणि माझ्यादेखत स्वतःच्या मांडीत घातलं. हा त्याचा प्रामाणिकपणाचा पुरावा. माझ्या भावाइतका प्रामाणिक अडाणी माणूस मी दुसरा पाहिला नाही. लबाड असता तर परवडला असता, लबाडाला निदान भीती असते.

मी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवते म्हणाले. माय चुलीपुढं बसली होती, ती उठून आली. "भावाच्या पोटावर पाय देती का गं? त्याच्या जिवावर शिकलीस तू." ते खरं होतं. माझी फी त्याच ओट्यावरून गेलेली. मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याची गोष्टही सांगते, म्हणजे मी स्वतःला यातून वगळलं असं कुणाला वाटायला नको. नोकरीला लागल्यावर आम्हा कर्मचाऱ्यांना काविळीच्या बी प्रकाराची लस मिळाली. तीन डोस. मी तिन्ही वेळेवर घेतले. सी प्रकाराला लस नाही, म्हणून त्याच्यापुरती एक गोष्ट केली. माहेरी गेले की मधूकडून कधी सुई घेतली नाही. डोकं फुटायला आलं तरी, माझ्या बॅगेत माझी गोळी. स्वतःचा दंड सांभाळला आणि वर्षातून दोनदा माहेरी जाऊन त्या ओट्यावर चहा पिऊन आले. असल्या शहाणपणाला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. मी ठरवलेलं आहे.

मग प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या. एकदा वापरायची, तोडायची आणि टाकायची. मला वाटलं, सुटलो. पण मधूनं त्याही धुवायला घेतल्या. प्लास्टिक उकळलं की वाकतं, म्हणून कोमट पाण्यात खळबळायचा आणि ओट्याच्या खिडकीत उन्हाला ठेवायचा, मिरच्या वाळवाव्यात तशा. म्हणजे काचेच्या वेळी एक उकळी तरी होती, तीही गेली. "येवढी चांगली वस्तू एका डावात फेकून द्यायची? लई माज आलाय तुमच्या सरकारी दवाखान्याला," असं तो मला म्हणाला. गावात कुणाला कावीळ झाली की तो बोट करायचा विहिरीकडं. "पान्यातनं झाली." एक कावीळ असते पाण्यातून होणारी. घाण पाणी, उघडी गटारं, न धुतलेले हात यातून ती पसरते, महिना-दीड महिना माणसाला पिवळा करते आणि बहुतेकांच्या बाबतीत आपली आपण जाते. सुईतून होणारी वेगळी. ती सहसा डोळे पिवळे करायला येतच नाही. वीस-वीस वर्षं गुपचूप लिव्हरमध्ये बसून राहते, माणूस ऊस तोडतो, लेकी उजवतो, आणि एके दिवशी पोट फुगतं. तोवर सुई कुणाच्या लक्षात राहते? मधूला हा फरक मी कागदावर काढून दाखवला होता. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीकडं बोट केलं.

पारूवहिनीचं पोट फुगलं. ही माझी भावजय, मधूची बायको. आवाज कधी चढला नाही असली बाई. चार वर्षांमागं दिवाळीला गेले तर पाय सुजलेले, हातांच्या काड्या आणि पोट सातव्या महिन्यासारखं. मधू तिला सलाईन लावत होता. अशक्तपणा म्हणे. मी त्याला विचारलं नाही, रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन बीडला जिल्हा रुग्णालयात गेले. रक्त तपासलं. सी निघाली, लिव्हर वाळून गोळा झालेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, यांना कधी रक्त चढवलं होतं का, ऑपरेशन झालं होतं का. काही नाही. "मग इंजेक्शनं?" त्यांनी विचारलं. मी वहिनीकडं पाहिलं. ती म्हणाली, "घेतली की. आठ-पंधरा दिवसाला."

वॉर्डात मी तिच्याजवळ बसायची. एक दिवस दुपारी तिला जरा बरं वाटत होतं. मी मधूबद्दल जे मनात होतं ते बोलून टाकलं, चांगलं तासभर. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, ह्यांला काय बोलू नका. सुई मीच मागायचे."

"कावून गं? काय होत होतं तुला?"

"कायबी न्हाई." ती छताकडं बघत होती. "दिसभर ओट्यावर लोकं. रातीला दमून पडायचे. सुई द्यायची म्हंजी माझ्यापशी बसायचे, हात हातात घ्यायचे... तेवढंच."

तीन आठवड्यांनी ती गेली. या आजारावर आता गोळ्या आहेत, तीन महिन्यांच्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि बहुतेक माणसं त्यानं पूर्ण बरी होतात. फक्त लिव्हर संपायच्या आत कळायला हवं. तिचं कळलं तेव्हा संपलेलं होतं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी मधूचंही रक्त तपासून घेतलं. त्यालाही तीच. स्वतःच्या मांडीत दिलेल्या पुराव्यांपैकी एखादा लागू पडला असणार. कागद हातात घेऊन तो दवाखान्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "सुमे, कुनाकुनाला गेली असंल गं माझ्याकडनं?" त्या एका प्रश्नासाठी मी त्याला सगळं माफ करायला निघाले होते. मी म्हणाले, भाऊ, शोधता येतं. शाळेत शिबिर घेऊ, मी आमच्या डॉक्टरांना राजी करते, तू फक्त एक कर. तुझ्या ओट्यावर येईल त्याला सांग, शाळेत जाऊन रक्त द्या. तुझ्यामुळं झालं असं नको सांगूस, नुसतं जा म्हण. तुझ्या शब्दावर गाव विहिरीत उडी टाकतं, तर बोटभर रक्त देणार नाही? तो "हं" म्हणाला.

शिबिराच्या दिवशी मी सकाळी आठला शाळेत टेबल मांडून बसले. ओट्याला कुलूप होतं. मधूडॉक्टर नारायणगडावर दर्शनाला गेलते. कुणी विचारलं तर शेजारी सांगत होते, वहिनीच्या नावानं काही तरी नवस होता. लोक शाळेपर्यंत यायचे, विचारायचे, "डॉक्टर काय म्हनले?" आणि परत जायचे. दुपारपर्यंत बोटांवर मोजण्याइतकी माणसं आली. त्यात एक कोयत्यावर जाणारं जोडपं होतं, त्या दोघांनाही सी निघाली. मी त्यांच्या मागं लागून गोळ्या सुरू केल्या. ते फडावर गेले तेव्हा तिकडच्या दवाखान्यात फोन करून करून गोळ्या पोचवल्या. तीन महिन्यांनी आणि मग पुन्हा तपासलं, दोघं मोकळे. गावी परतल्यावर त्यांनी पेढे आणले आणि ते थेट गेले ते मधूच्या ओट्यावर. त्याच्या पाया पडले. "डॉक्टर, तुमच्या पुण्याईनं वाचलो." मी तिथंच होते. मधूनं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानं पेढा घेतला, अर्धा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला अर्धा मला पुढं केला. मी घेतला नाही.

त्यानंतर त्यानं नव्या सुया वापरायला सुरुवात केली, हे मान्य करते. पाकीट माणसासमोर फोडायचा. पण जुन्यांना सांगितलं नाही ते नाहीच. आणि स्वतःही गोळ्या घेतल्या नाहीत. बीडला दर महिन्याला जाऊन नाव सांगायचं, रांगेत उभं राहायचं, खिडकीतून गोळ्या घ्यायच्या. रांगेत आमच्या भागातली चार माणसं असणारच. मी म्हणाले, बीड नको तर पुण्याला जाऊ, तिथं तुला कोण ओळखतं? तो म्हणाला, "आज ना उद्या कळतंच. डॉक्टर लायनीत हुबा राहिला तर गाव काय म्हनंल?"

"भाऊ," मी म्हणाले, "तू डॉक्टर नाहीस."

चाळीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. मारकुटं जनावर अचानक मऊ व्हावं तसा त्याचा चेहरा दिसला. मग त्यानं पाठ फिरवली आणि आत गेला. तीच आमची शेवटची भेट. पुढं सहा महिने तो माझा फोन घेत नव्हता. पोट फुगलं, शौचाला काळं होऊ लागलं, तरी तो ओट्यावर बसत होता म्हणे, शर्टावर बंडी घालून, पोट दिसू नये म्हणून. एके सकाळी रक्ताची उलटी झाली आणि गाडी येईपर्यंत संपला. विषाणूनं मेला असं कागदावर लिहितील. मी म्हणते, लाजेनं मेला. आणि नुसता स्वतः मेला असता तर ते त्याचं तो जाणे.

तेराव्याला पंगती उठल्यावर पुन्हा भाषणं सुरू झाली. सरपंच म्हणाले, ताई, दोन शब्द बोला. मी उठले. माझ्याजवळ दोन शब्द नव्हते, बरेच होते. मी सगळं सांगितलं. रांग, एक सुई, खिडकीत वाळणाऱ्या सिरिंजा, वहिनीला काय झालं होतं, मधू कशानं गेला, आणि तुमच्यातल्या किती जणांच्या अंगात ते आत्ता बसलंय ते कुणालाच माहीत नाही, रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही. एकाच्या ताटात जेवून, शेजारी बसून, हात धरून हे होत नाही. म्हणून कुणाला वाळीत टाकू नका, पण तपासून घ्या. पुढारी मोबाइलमध्ये बघायला लागले. आणि मला, खरं सांगायचं तर, त्या सगळ्यांबद्दल इतका तिरस्कार वाटला... मधूबद्दल, फ्लेक्सबद्दल, त्या बाह्या वर करणाऱ्या दंडांबद्दल.

बायकांमधून धुरपदाकाकू उठल्या. आमच्या शेजारच्या. ऐंशीच्या घरातल्या असतील. कंबरेत वाकलेल्या. "झालं का बोलून?" त्या म्हणाल्या. "सुई येकच व्हती, आमाला दिसत न्हवती व्हय? आमी काय आंधळे न्हवतो. पर बाई, तुजं उपकेंद्र कुटं? माजलगावाकडं. आमच्या इथल्या उपकेंद्राला कुलूप. नर्स म्हैन्यातनं येकदा येनार, सह्या करनार, जानार. माज्या सुनेला इच्चू चावला तवा तू आलतीस का? मधू आलता. आन् त्यानं तिला सुई न्हाई दिली. म्हनला, हे माज्या हातचं न्हाई काकू. गाडीवर घातली, मदी मी तिला धरून, आन् बीडला नेली. आज ती जिती हाय. आता बोल."

बिनकुलपाचं उपकेंद्र मी तीस वर्षं दुसऱ्या गावाला दिलं होतं. माझ्या गावात बदली मागायचा अर्ज मी कधी केला नव्हता, कारण तिथं गेले असते तर रोज मधूच्या समोर उभं राहावं लागलं असतं. धुरपदाकाकूंना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण घरी येताना मला दुसरीच गोष्ट टोचत होती. "हे माज्या हातचं न्हाई." म्हणजे त्याला कळत होतं. आपलं काय आणि आपलं काय नाही, हे त्याला नीट कळत होतं. डोळ्यांसमोर तडफडणारा जीव असला की कळत होतं. वीस वर्षांनी मरणारा जीव त्याला दिसत नव्हता, किंवा दिसत होता आणि त्याच्याकडं पाठ करून तो गडावर जात होता. हे त्याच्या चांगुलपणात धरायचं की पापात, याचा निकाल मला लागलेला नाही, आणि लावायची घाईही नाही.

मी रजा टाकली. आमच्या डॉक्टरांकडून रीतसर परवानगी घेतली, ग्रामीण रुग्णालयातल्या प्रयोगशाळेला कळवलं, नळ्या आणि सुया आणल्या आणि शाळेत न जाता मधूच्याच ओट्यावर टेबल टाकलं. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. मी संध्याकाळपर्यंत बसून होते, समोरून माणसं मान खाली घालून जात होती. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास धुरपदाकाकू काठी टेकत आल्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बाकड्यावर बसल्या, पाठ भिंतीला लावली, चोळीची बाही वर सारली आणि तोंड पलीकडं फिरवलं, जसं गावातली सगळी माणसं तिथं बसून करत आली आहेत. मी त्यांच्यासमोर सुईचं पाकीट फोडलं. दंडाला पट्टा बांधला. हात लाकडासारखा ताठ, मूठ आवळलेली, शीर कुठं सापडेना. एकदा टोचलं, रक्त आलं नाही. नवी सुई घेतली.

"काकू, हात सैल सोडा."

"सोडते की. तू म्हन ना."

"काय म्हणू?"

त्यांनी माझ्याकडं मान वळवली. मला एवढंही ठाऊक नाही याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं. "मधू म्हनायचा ते. सुई घालताना. 'काकू, मुंगी चावली बघा.' तवा माजा हात सुटतो."

मी त्याच्याकडून कधी सुई घेतली नव्हती. ते वाक्य मला माहीत असायचं कारणच नव्हतं. ओट्यासमोर दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या, काय होतंय ते बघत. मी पट्टा पुन्हा आवळला, बोटानं शीर चाचपली.

"काकू," मी म्हणाले, "मुंगी चावली बघा."

मूठ उघडली. रक्त नळीत चढायला लागलं, आणि समोरच्या दोघींपैकी एक बाई पायरी चढून वर आली आणि बाही दुमडायला लागली.